जादूगाराचे पुस्तक आणि पहिला तास

संपादकांनी यंदा माझ्याकडे कथा मागितली होती. तिच्याऐवजी मी तीन पाठ्यपुस्तकांची समीक्षा पाठवीत आहे. आणि तीही संगणकशास्त्र पहिल्यांदा शिकणाऱ्या महाविद्यालयीन मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांची. फराळाच्या ताटात कोणी लोखंडाचे चणे वाढावेत तसे काही वाचकांना वाटेल. त्यांनी चकली उचलावी आणि दोन पाने तरी माझ्याबरोबर यावे, एवढीच विनंती. यात गणित फारसे नाही. आमच्या घरातले एक भांडण मात्र आहे.

माझा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. काहीही नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. (दहावीला आमच्याकडे अजून मॅट्रिकच म्हणतात.) पुढे चित्रकला-शिक्षकाची परीक्षा दिली आणि कणकवलीपासून आत एका गावच्या हायस्कुलात मुलांना मडकी आणि जास्वंद काढावयास शिकवीत आलो. तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक खपली. तेव्हा पुस्तक कसे सुरू होते आणि पहिल्या तासाला वर्गात काय होते, या दोनच गोष्टींविषयी मी काही बोलू शकतो. हा लेख त्या दोन गोष्टींविषयीच आहे.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा इंजिनियरिंगचे पहिले वर्ष संपवून घरी आला तो तोंड पाडूनच. एका विषयात केटी लागली होती. विषय प्रोग्रॅमिंगचा. गणितात बरे गुण होते, पदार्थविज्ञानात होते, पण या एका विषयाने त्याची पाठ मातीला लावली होती. चार दिवस तो काही बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "मी परत जाणार नाही. माझं डोकंच त्यासाठी नाही." ताईने हातातली पळी खाली ठेवली. तिच्या चार बांगड्या आणि बँकेचे कर्ज त्या डोक्यावर लागले होते. भावोजींचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. ते कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या हातात पाना दिला आणि एका जीपखाली बोट दाखविले. एवढाच निर्णय.

मला तो मान्य नव्हता. गॅरेज वाईट म्हणून नव्हे. "डोकंच नाही" हे वाक्य मी वर्गात वीस वर्षे ऐकत आलो आहे, फक्त तेथे ते "हातच नाही" असे असते. ते वाक्य मुलाने स्वतः शोधलेले नसते. कोणीतरी ते त्याला शिकविलेले असते. ते कोणी आणि कोणत्या तासाला शिकविले, हे मला पाहावयाचे होते.

"पहिल्या तासाला काय सांगितलं?" मी विचारले.

त्याने वही आणून दिली. पहिल्या पानावर सहा ओळी. त्या यंत्राला दिल्या की पडद्यावर 'नमस्कार, जग' अशी अक्षरे उमटतात. पहिल्या दोन ओळींखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : 'असे लिहायचे. अर्थ नंतर कळेल.' सर तसे म्हणाले होते. मी विचारले, "मग नंतर कळला?" तो म्हणाला, "नाही मामा. दुसऱ्या तासाला आणखी चार ओळी आल्या."

हा नमस्कार कोठून आला, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची या बेल प्रयोगशाळेतल्या दोन विद्वानांनी १९७८ साली सी नावाच्या भाषेवर एक पुस्तक लिहिले. बारीक अंगाचे, नेमके, एकही शब्द फुकट न घालविणारे. त्यात पहिला प्रोग्रॅम हा नमस्काराचा आहे. परंतु ते पुस्तक नवशिक्यासाठी नाही, असे लेखकांनी स्वतःच प्रारंभी सांगून ठेवले आहे. ज्याला प्रोग्रॅमिंग ठाऊक आहे, त्याला एक नवी भाषा सांगावयाची, एवढाच त्यांचा हेतू. आमच्याकडच्या अनेक महाविद्यालयांनी पुस्तकाची पहिली पाने घेतली आणि प्रस्तावना सोडून दिली. बोलता येणाऱ्या माणसाला परदेशी नमस्कार शिकविणे निराळे आणि मुक्याला वाचा देणे निराळे.

तरीही माझा भाचा केवळ या सहा ओळींनी खचला नव्हता. त्याच्या वसतिगृहातल्या एका हुशार मुलाने त्याला सांगितले होते, "कॉलेजचं सोड. खरं शिकायचं असेल तर हे वाच." हे म्हणजे जांभळ्या वेष्टनाचे एक पुस्तक, ज्यावर जादूगाराचे चित्र आहे. त्याने चाळीस पाने वाचली आणि आपण मूर्ख आहोत अशी त्याची खात्री पटली. साध्या पुस्तकाने जे केले नाही ते थोर पुस्तकाने केले.

ते थोर आहे, हे मी आधी कबूल करतो. हॅरॉल्ड ॲबलसन आणि जेराल्ड जे सस्मन यांनी, ज्युली सस्मन यांच्या साहाय्याने लिहिलेले 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स'. पहिली आवृत्ती १९८५ सालची, दुसरी १९९६ सालची. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम होता, त्यातून ते निघाले. प्रकाशकांनी ते महाजालावर फुकट ठेवले आहे; भाच्याने मला ते फोनवर उघडून दिले आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन मे महिन्याच्या दुपारी वाचू लागलो. अर्धे मला कळले नाही. कळले त्या अर्ध्याने मी हरखून गेलो.

याचे लेखक यंत्राविषयी बोलतच नाहीत. प्रोग्रॅम हा मुळात माणसाने माणसासाठी लिहावयाचा, यंत्राने तो चालवावा हे दुय्यम, अशी त्यांची भूमिका आहे. कोणत्याही कादंबरीकाराला ही भूमिका ऐकून उठून हात मिळवावासा वाटेल. ॲबलसन यांची १९८६ साली चित्रित केलेली व्याख्यानेही उपलब्ध आहेत. पहिल्याच व्याख्यानात ते म्हणतात की या शास्त्राचे नाव चुकले आहे. ते शास्त्रही नाही आणि संगणकांविषयीही नाही. भूमितीचेही असेच झाले, असे ते सांगतात. शेते मोजणाऱ्या साधनांवरून नाव पडले आणि विद्या मात्र निघाली भलत्याच गोष्टीची. आपल्या भाषेतही तो शब्द 'भूमिती'च आहे, भूमीचे माप. मी इतकी वर्षे हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आणि त्यातली जमीन मला दिसली नव्हती.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात एक प्रश्न आहे. एका डॉलरची मोड किती प्रकारे देता येईल? नाणी पाच : पन्नास, पंचवीस, दहा, पाच आणि एक सेंट. वाचताना मी थबकलो. आपल्या रुपयाचीही हीच नाणी होती! दोन, तीन आणि वीस पैशांची तेवढी बाजूला ठेवावयाची. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून गेली, पण आमच्या आईच्या पत्र्याच्या डब्यात ती अजून आहेत. मी डबा ओसरीवर उपडा केला आणि आम्ही मामा-भाचे मोड लावीत बसलो. चाळीसएक प्रकार झाल्यावर कोणते झाले आणि कोणते राहिले याचाच घोळ झाला. उत्तर आहे २९२. ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुकानदार रुपयाची मोड द्यायला कुरकुरतो, आणि हे दोनशे ब्याण्णव!"

पुस्तकातली रीत अशी. सगळ्या प्रकारांचे मनात दोन ढीग करा. एका ढिगात आठ आण्याचे नाणे एकदाही न वापरलेले प्रकार. दुसऱ्यात ते निदान एकदा तरी वापरलेले. आता दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक प्रकारातून एक आठ आण्याचे नाणे उचलून ठेवा. मागे राहतील ते पन्नास पैशांची मोड देण्याचे प्रकार. म्हणजे शंभर पैशांचा एक मोठा प्रश्न दोन लहान प्रश्नांत मोडला : शंभर पैसे पण चारच जातींची नाणी, आणि पन्नास पैसे पण पाचही जातींची नाणी. त्या प्रत्येकाचे पुन्हा तसेच दोन ढीग. असे करीत गेले की शेवटी रक्कम शून्य उरते, तेथे एक प्रकार मोजावयाचा. किंवा रक्कम उणे होते, वा नाण्यांच्या जाती संपतात, तेथे शून्य. बस्स. सगळा प्रोग्रॅम डझनभर ओळींचा. पटत नसेल तर दहा पैशांची मोड काढून पाहा. दहाचे नाणे वापरून एक प्रकार, न वापरता तीन, एकूण चार.

मला हे वाचून जो आनंद झाला तो एखाद्या उत्तम लघुकथेचा शेवट वाचून होतो तसा होता. भाचा मात्र गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, हे दोन ढीग करायचं त्यांना सुचलं कसं?"

मी परत पुस्तक पाहिले. त्यात ते सांगितलेले नाही. नाण्यांच्या जाती काही एका क्रमाने मांडल्या आहेत असे समजा, मग पुढील संबंध खरा असतो, एवढे म्हणून लेखक पुढे जातात. टोपीतून ससा निघाला. ससा खरा आहे, मऊ आहे, कान हलवितो आहे. पण माझ्या भाच्याला ससा पाहावयाचा नव्हता. त्याला परीक्षेत रिकाम्या टोपीतून तो काढावयाचा होता.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण मीही हेच करीत आलो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी सहावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर चार फटकाऱ्यांत मडके काढीत असे. मुले "आऽऽ" म्हणत. मला ते आवडे. मग म्हणे, "आता तुम्ही काढा." त्यांची मडकी कलंडलेली, पोट एका बाजूला सुटलेली. मी समजत असे की यांना हात नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीने मला एकदा विचारले, "सर, तुम्ही खडू टेकवायच्या आधी फळ्याकडे बघत काय उभे असता?" त्या वेळी मी मनात मधली उभी रेघ ओढीत असे, रुंदी मोजीत असे, तोंडाची लंबवर्तुळे बसवीत असे. मडके त्या रेघांत होते. मी त्या कधीच फळ्यावर काढल्या नव्हत्या, कारण त्या काढल्या की "आऽऽ" कमी झाले असते.

जादूगाराच्या पुस्तकाचा दोष हाच आहे आणि तो लहान दोष नाही. त्याची उदाहरणे गणिताच्या प्रांतातली आहेत : वर्गमूळ, मूळसंख्या, पुढे तर बीजगणिताची राशी घेऊन तिचे कलन काढणारा प्रोग्रॅम. ज्याला हे गणित आधीच सवयीचे आहे, त्याचे लक्ष रचनेकडे जाते आणि तो धन्य होतो. ज्याला नाही, तो एकाच वेळी दोन अनोळखी भाषांत बुडतो. एम. आय. टी.च्या मुलांच्या बाबतीत हे गृहीत धरणे कदाचित चालून जात असेल. तो अभ्यासक्रमही तेथे २००७ सालानंतर त्या रूपात राहिला नाही. त्याच्या जागी पायथन भाषा आणि छोटे यंत्रमानव आले. सस्मन यांनी त्याचे जे कारण दिले म्हणतात ते विचार करण्यासारखे आहे. पूर्वी अभियंता नीट समजलेल्या लहान भागांतून मोठी वस्तू रची. आता दुसऱ्याने केलेल्या, पुरत्या न समजलेल्या वस्तू ढोसून पाहून काम काढावे लागते. भावोजींना मी हे सांगितले तेव्हा ते जीपखालून म्हणाले, "गाड्यांचंही तेच झालंय." त्या पुस्तकाचे चाहते जगात सर्वत्र आहेत, २०२२ साली त्याची जावास्क्रिप्ट भाषेतली आवृत्तीही निघाली. मीही आता त्या चाहत्यांत आहे. परंतु मी ते भाच्याच्या हातून काढून घेतले आणि सांगितले, "हे तिसऱ्या वर्षी वाच."

मग त्याला दिले काय? जादूगाराच्या पुस्तकावर रीतसर टीका केली ती त्याच भाषेच्या वळणाने जाणाऱ्या चार अध्यापकांनी : मथायस फेलायसन, रॉबर्ट फिंडलर, मॅथ्यू फ्लॅट आणि श्रीराम कृष्णमूर्ती. त्यांचे 'हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' २००१ साली निघाले, दुसरी आवृत्ती २०१८ साली. २००४ सालच्या एका निबंधात त्यांनी जुन्या पुस्तकाचे ऋण मान्य करून त्याचे माप काढले आहे. कार्यक्रम कसा रचावा हे त्यात सांगितलेले नाही, ते मुलाने उदाहरणांवरून आपोआप उचलावे अशी अपेक्षा आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. भाच्याने ओसरीवर विचारलेला प्रश्नच तो.

हे पुस्तक रेघा फळ्यावर काढते. कोणताही प्रश्न आला की थेट प्रोग्रॅम लिहावयाचा नाही. आधी ठरवावयाचे, की जगातली कोणती माहिती कोणत्या रूपात यंत्राला द्यावयाची. मग एका वाक्यात लिहावयाचे, की या कामात काय जाते आणि काय बाहेर येते. मग हाताने दोन-चार उदाहरणे सोडवावयाची, उत्तरासकट. मग माहितीच्या आकारावरून उत्तराचा सांगाडा मांडावयाचा. मग तो भरावयाचा. आणि शेवटी ती आधीची उदाहरणे चालवून पाहावयाची. लेखक याला पाककृती म्हणतात. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले तेव्हा अंदाजाने मीठ टाकणाऱ्या सुगरणींनी नाके मुरडली असतील. पण नव्या सुनांना वाटी-चमच्याचे माप मिळाले. अंदाज पंचे म्हणणारीला अंदाज कोठून आला, हे ती सांगू शकत नाही, एवढाच तिचा दोष असतो.

आणखी एक गोष्ट या मंडळींनी केली, जिचे मला मास्तर म्हणून फार कौतुक वाटते. मुलाने ज्या यंत्रावर लिहावयाचे तेथे भाषेच्या पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवरच्या मुलाला भाषेचा लहानसा तुकडाच वापरता येतो. चुकला तर त्याला जे शिकविले आहे त्याच शब्दांत चूक सांगितली जाते. पाचवीच्या मुलाच्या हाती आम्ही तैलरंग देत नाही, मेणखडू देतो, तसे हे. माझ्या भाच्याला वर्षभर जे चुकीचे संदेश पडद्यावर येत, त्यांतले शब्द त्याने कधी ऐकलेलेच नव्हते. चूक केली एका भाषेत आणि ओरडा खाल्ला दुसऱ्या.

आता या पुस्तकाविषयीचे वाईटही सांगतो. वाचावयास ते रूक्ष आहे. लांबलचक आहे, एकच पाऊल दहा वेळा टाकते, आणि ज्याच्या अंगात थोडी आग आहे त्या मुलाला पन्नास पानांत जांभई येईल. जादूगाराच्या पुस्तकात वाक्यावाक्याला लेखकाचा आवाज ऐकू येतो. येथे चार सद्गृहस्थ एका आवाजात बोलतात. शिवाय मला आपल्या लोकांची धास्ती आहे. ही पाककृती उद्या आमच्या अभ्यासक्रमात आली, तर परवा प्रश्नपत्रिकेत येईल : 'प्रोग्रॅम रचण्याच्या सहा पायऱ्या लिहा. (६ गुण)'. मुले त्या पाठ करतील, जर्नलात लाल शाईने शीर्षके देतील आणि उदाहरणांच्या रकान्यात शेजाऱ्याची उदाहरणे उतरवतील.

तिसरे पुस्तक आपल्या घरचे आहे. पवईच्या आय. आय. टी.तील अभिराम रानडे यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रॅमिंग थ्रू सी प्लस प्लस', २०१४ सालचे. भाषा अवघडच, आमच्याकडे चालते तिच्याच घराण्यातली. पण सुरुवात नमस्काराने नाही, कासवाने आहे. पडद्यावर एक कासव. त्याला पुढे चल, वळ, असे सांगावयाचे, की ते रेघ ओढीत जाते. मुळातले कासव १९६७ साली जन्मलेल्या लोगो भाषेच्या घरातले. सेमूर पॅपर्ट यांनी ते लहान मुलांसाठी पाळले. रानडे यांनी ते महाविद्यालयात आणले आणि एक चतुराई केली. 'पुन्हा पुन्हा कर' हे सांगण्याची त्या भाषेतली मूळ रीत नवशिक्याला बोजड पडते, म्हणून त्यांनी 'रिपीट' असा एक सोपा शब्द स्वतः बनवून जोडून दिला. भाषेने दिलेली पायरी उंच होती, त्यांनी खाली एक दगड ठेवला.

हे मी खळ्यात करून पाहिले. सुटीतली वाडीतली पोरे जमवली, एकाच्या मुठीत रांगोळी दिली आणि म्हटले, "तू कासव. सांगितल्यावाचून हलायचं नाही." चौकोन लगेच झाला : चार वेळा, दहा पावले पुढे, काटकोनात डावीकडे. मग मी त्रिकोण मागितला. सगळे एकमुखाने ओरडले, "साठ अंशांत वळ!" कारण समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे पाठ. कासव साठ अंशांत वळले, चालले, पुन्हा वळले, आणि त्रिकोण मिटेचना. पोरगे सरळ तुळशीवृंदावनाकडे निघाले. भाचा पायरीवर बसून पाहत होता, तो उठून खळ्यात आला. स्वतः चालून पाहिले. कोपऱ्यावर थांबला, तोंड पुढे आणि हात मागे करून. "मामा, त्रिकोणाचा कोन आतला. मला वळायचंय बाहेरून. एकशेवीस." महिन्याभरात त्याच्या तोंडून आलेले ते पहिले लांब वाक्य. रांगोळीच्या वाकड्या रेघेने त्याला त्याची चूक दाखविली होती, आणि तीत ओरडा नव्हता.

रानडे यांच्या पुस्तकावर माझा आक्षेप एवढाच, की कासव लवकर मागे पडते आणि मग ती भाषा आपले सगळे काटे घेऊन पुढे येते. पण ते भाषेचे प्राक्तन आहे. आणि पुस्तक विद्यार्थ्याला मूर्ख म्हणत नाही.

कोणी म्हणेल, आता हे सगळे कशाला? २०२२च्या अखेरीपासून यंत्रे स्वतःच प्रोग्रॅम लिहून देऊ लागली आहेत. भाच्याच्या वर्गातली निम्मी मुले गृहपाठ त्यांच्याकडूनच करून घेतात, असे तोच सांगतो. पहिल्या वर्षाची बहुतेक गणिते ती यंत्रे क्षणात सोडवितात, हे खरेच आहे. पण काय हवे ते नेमके सांगणे आणि आलेले उत्तर बरोबर की चूक ते पारखणे, ही दोन टोके माणसाकडेच राहतात. आणि आमच्या वर्गांत शिकविला जातो तो नेमका मधला भाग.

माझे मत विचाराल तर असे आहे : पहिल्या तासाला रानडे यांचे कासव, पहिल्या वर्षाला ती रूक्ष पाककृती, आणि जादूगार अगदी शेवटी, जेव्हा सशाचे कौतुक परवडते. नेदरलंड्सचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ साली याहून कडक उपाय सुचविला होता : पहिल्या वर्षी मुलांना यंत्राजवळ जाऊच देऊ नका, कागदावर सिद्ध करून दाखवू द्या. त्या हिशेबाने आमची कागदावरची परीक्षा फारच पुढारलेली म्हणावयास हवी! फक्त सिद्ध काही करावयाचे नसते, पाठ लिहावयाचे असते.

पाककृतीचा खरा उपयोग होतो की ते नुसते शिक्षकांचे समाधान आहे, याची एक परीक्षा या क्षेत्रात जुनी आहे. १९८०च्या दशकात येल विद्यापीठातले एलियट सोलोवे यांनी विद्यार्थ्यांना एक सोपे दिसणारे काम दिले. त्याची रूपे अनेक, त्यांतले एक असे : रोजच्या पावसाचे आकडे एकामागून एक येतील. ९९९९९ हा आकडा आला की यादी संपली. ऋण आकडा आला तर मापकाचा बिघाड समजून सोडून द्या. सरासरी पाऊस सांगा. पहिला अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलांतली पुष्कळ मुले यात गडगडली, आणि पुढे इतरत्रही गडगडत राहिली. २०१४ साली कॅथी फिसलर यांनी हेच काम 'हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स'च्या वळणाने शिकलेल्या मुलांना दिले, तेव्हा चुका आधीच्या अभ्यासांपेक्षा बऱ्याच कमी आढळल्या. याचे सगळे श्रेय पाककृतीला देता येणार नाही. मुले निराळी, भाषा निराळी, त्या भाषेत यादी हाताळणेही सोपे. तरी पारडे त्या बाजूला झुकते.

हे पावसाचे गणित मी भाच्याला घातले तेव्हा जून महिन्याची सात तारीख उलटून गेली होती. मृग लागला होता आणि आभाळ कोरडे ठणठणीत. आम्ही गॅरेजमध्येच बसलो होतो, कारण दिवसा तो तेथे असे. त्याने सवयीने वही उघडून पहिल्या दोन ओळी, अर्थ नंतर कळणाऱ्या, लिहावयास घेतल्या. मी पेन धरले. म्हटले, "आधी उदाहरणं."

त्याने लिहिले : १२, ०, ३०, ९९९९९. उत्तर १४. खाली : १२, उणे ५, ३०, ९९९९९. उत्तर २१. मग बराच वेळ तो काही लिहीना. रस्त्यावरून एक एस. टी. धूळ उडवीत गेली. त्याने तिसरी ओळ लिहिली, तीत एकच आकडा : ९९९९९. त्यापुढे बरोबरीचे चिन्ह, आणि त्यापुढे जागा रिकामी.

"मामा," तो म्हणाला, "एकही आकडा आला नाही तर भागायचं कशानं? शून्यानं?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. जीपखालून भावोजींचा आवाज आला, "मग सरासरी कशाला काढतोस? नोंदच नाही म्हणून सांग."

त्याने रिकाम्या जागेत तसे लिहिले आणि मग पहिली ओळ लिहावयास घेतली.